घरची शाळा आणि मिलचें आत्मचरित्र

आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या पावसाळ्यांत पत्नीसह आमच्याकडे आला होता. आपल्या सात वर्षांच्या मुलीस शाळेंतून काढून घरींच शिकवावयाचें, असें उभयतांनीं जवळजवळ ठरविलें होतें. प्रश्न उरला होता तो पद्धतीचा. एका वहींत तीन पद्धतींचे गुणदोष तीन रकान्यांत मांडून त्यानें आणले होते, व त्यांतील एक आम्हीं निवडून द्यावी अशी त्याची इच्छा होती. आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. जॉन स्टुअर्ट मिलचें आत्मचरित्र त्याच्या हातीं ठेवलें आणि दोघांनीं तें वाचून पुन्हां यावें, एवढेंच सांगितलें. असें कां केलें, तें वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

पहिला रकाना वेळापत्रकाचा होता. शाळेचींच पुस्तकें, शाळेचेच तास. फळा तेवढा घरांतला. हींत चुकण्याचें भय कमी. परंतु शाळा सोडण्याचें मूळ कारणच हिच्यांत शिल्लक राहत नाहीं. दुसरा रकाना शार्लट मेसन ह्या इंग्रज शिक्षिकेचा. तिचें ‘होम एज्युकेशन’ १८८६ सालीं प्रसिद्ध झालें. आंखूड पाठ, मोकळ्या हवेंत हिंडणें, सरस ग्रंथांचा सहवास आणि वाचलेलें मुलानें स्वतःच्या शब्दांत परत सांगणें, हीं तिचीं मुख्य अंगें. तिसरा रकाना अमेरिकन लेखक जॉन होल्ट ह्याचा. वर्गांत शिकवीत असतां, चुकीच्या उत्तराच्या धास्तीनें मुलें विचार करणेंच कसें सोडून देतात, हें त्यानें पाहिलें व १९६४ सालीं लिहिलें. पुढें १९८१ सालच्या ‘टीच युवर ओन’ मध्यें, अभ्यासक्रम न लादतां मुलाच्या कुतूहलामागून पालकानें जावें, असें प्रतिपादिलें. तिहींत मेसनबाईंची पद्धत आम्हांस अधिक विवेकाची वाटते, हें सांगण्यास हरकत नाहीं.

तथापि ह्या सर्व ग्रंथांत एक उणीव समान आहे. ते शिकविणाऱ्याच्या बाजूनें लिहिलेले आहेत. रूसोचा ‘एमील’ (१७६२) हा ह्या परंपरेचा आद्य ग्रंथ. त्यांतील शिष्य कल्पनेंतला, आणि गुरूला त्या एका शिष्यावांचून जगांत दुसरें काम नाहीं. स्वतःचीं पांच मुलें मात्र रूसोनें अनाथालयांत धाडलीं, व तें त्यानेंच पुढें कबूल केलें आहे. मेसनबाई अथवा होल्ट ह्यांवर असा कोणताच आरोप नाहीं. पण त्या दोघांनाही स्वतःचें मूल नव्हतें. स्वयंपाक, नोकरी, आजारपण आणि धाकटें भावंड ह्यांच्या गर्दींत पद्धतीचें काय होतें, तें अशा ग्रंथांतून पुरतें कळत नाहीं. त्याची साक्ष, शिकलेल्या मुलानेंच मोठेपणीं द्यावयास हवी.

मिलचें आत्मचरित्र (१८७३) अशी साक्ष आहे. तिसऱ्या वर्षीं ग्रीक, आठव्या वर्षीं लॅटिन, हें त्यांतलें सर्वांस ठाऊक असलेलें व आमच्या मतें सर्वांत कमी महत्त्वाचें. महत्त्वाचें आहे तें टेबल. बाप जेम्स मिल आपला हिंदुस्थानचा इतिहास (हिंदुस्थान न पाहतांच) लिहीत बसे, आणि त्याच टेबलाशीं मुलगा ग्रीक वाची. ग्रीकचा इंग्रजी कोश तेव्हां नव्हता. लॅटिनमधला होता, पण मुलाला लॅटिन येत नव्हतें. म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो बापास विचारी, आणि स्वभावानें अत्यंत उतावीळ असलेला तो गृहस्थ दर वेळीं लेखणी थांबवून अर्थ सांगे. सकाळीं न्याहारीपूर्वीं दोघे फिरावयास जात, तेव्हां आदल्या दिवशीं वाचलेलें मुलगा चिठोऱ्यांवरील टिपणांच्या आधारें सांगत असे. मेसनबाईंच्या पद्धतीचें एक अंग असें तिच्या ग्रंथाच्या कितीतरी आधींच चालू होतें.

परंतु ह्याच पुस्तकाचें दुसरें पानही तितक्याच प्रामाणिकपणें लिहिलेलें आहे. १८२६ सालीं, विसाव्या वर्षीं, मिलचें मन एकाएकीं कोरडें पडलें. आपलीं सर्व ध्येयें सफल झालीं तरी आपणांस आनंद होणार नाहीं, असें त्यास आढळून आलें. आणि हें दुःख ज्यापाशीं सांगावें, असा आपला बाप नव्हे, हेंही त्यास कळलें. पुढें वर्ड्स्वर्थच्या कवितेनें त्यास पुष्कळ आधार दिला. बापानें वेळ दिला; पण मायेची जागा रिकामी राहिली.

वेळच न दिला तर काय होतें, ह्याची साक्ष आपल्याकडे आहे, आणि ती बापानेंच दिलेली आहे. १८९७ पासून दक्षिण आफ्रिकेंत गांधीजींनीं आपलीं मुलें गोऱ्यांच्या शाळेंत न घालतां घरींच शिकविण्याचा प्रयत्न केला. इतर हिंदी मुलांस जी सवलत नाहीं, ती आपल्या मुलांसाठीं घेणें त्यांस मान्य नव्हतें. सार्वजनिक कामांमुळें आपण मुलांस पुरेसा वेळ देऊं शकलों नाहीं, व त्यांची आपल्याविरुद्ध तक्रार राहिली, असें आत्मकथेंत त्यांनीं स्वच्छ लिहिलें आहे. आपल्या निर्णयाचें समर्थनही त्यांनीं केलें आहे, आणि तत्त्व थोर होतें ह्यांत शंका नाहीं. पण तत्त्व बापाचें आणि उणीव मुलांची, अशी ती वांटणी झाली.

महिन्याभरानें दोघें पुन्हां आलीं. विद्यार्थी पुस्तकावर प्रसन्न होता. त्याची पत्नी मात्र म्हणाली, “सर, ह्या पुस्तकांत मुलाची आई कोठें आहे?” आम्ही निरुत्तर झालों. तीस वर्षें हें पुस्तक आम्ही वर्गांत शिकवीत आलों, पण हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता. जेम्स मिलला नऊ मुलें. तें घर जिनें चालविलें, तिचा त्या छापील आत्मचरित्रांत उल्लेख नाहीं. टेबलाशीं तास शांतपणें गेले ते कोणाच्या श्रमांवर, हें मिल सांगत नाहीं, व आम्हींही विचारलें नाहीं.

तेव्हां आम्हीं वहींत चौथा रकाना आंखावयास सांगितलें: आठवड्याचे तास किती, व ते कोणाचे? त्यानें तेथेंच भरण्यास आरंभ केला. बहुतेक तास पत्नीचे निघाले. तिनें बँकेंतली नोकरी सोडावी, असें गृहीत धरूनच तीनही रकाने लिहिलेले होते. तिला तसें कोणीं विचारलेलें नव्हतें.

पद्धतीची निवड गौण आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती दुसरी निवड होय. पहिली निवड वेळेची, आणि ती ज्याचा वेळ जावयाचा त्यानेंच केली पाहिजे. घरीं शिकविण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक बापानें मिलचें आत्मचरित्र अवश्य वाचावें. मात्र तें शेजारीं बसून पत्नीनेंही वाचलेलें असावें.

मुलगी तूर्त शाळेंतच जाते. सकाळीं शाळेपूर्वीं बाप तिला टेकडीवर फिरावयास नेतो, व आदल्या दिवशीं वाचलेली गोष्ट ती त्यास वाटेनें सांगते, असें परवां कळलें.