पंखाखालची पथारी

माझा भाचा अमेरिकेत असतो. 'असतो' म्हणजे तिथे नेमकं काय करतो, हे आमच्या ताईलाही धड सांगता येत नाही. पण यंदा आल्या आल्या त्यानं मला फोटो बघायला बसवलं, तेव्हा तो सुट्टीत विमानाखाली झोपतो एवढा उलगडा झाला.

तिकडे विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी जुलैअखेर हौशी लोक आपापली विमानं उडवत येतात. एकदोन नव्हे, दहा हजारांवर विमानं! ती गवतावर ओळीनं लावायची आणि पंखाखाली तंबू ठोकून आठवडाभर राहायचं. जुन्या विमानांना वेगळी आळी. वाऱ्यानं विमान हलू नये म्हणून दोर नि खुंट्याही मालकानंच घरून आणायच्या.

"म्हणजे रामटेकची जत्राच की रे," मी म्हटलं. "लोक गाड्या सोडायचे, बैल खुंट्याला बांधायचे आणि गाडीखाली पथारी पसरायचे."

"मामा, तुम्हाला त्यातली गंमतच कळत नाही," असं म्हणून त्यानं पुढचा फोटो काढला. चकचकीत डकोटा. पंखाखाली खुर्ची, खुर्चीत भाचा, हातात कॉफी.

डकोटा बघितला आणि माझ्यातला नागपूरकर जागा झाला. कारण साहेबांच्या त्या मेळाव्याचं कौतुक मी किती ऐकून घ्यायचं? आमच्या सोनेगावला डकोटांचा मेळावा रोज रात्री भरत असे!

हे खोटं नाही. जानेवारी 1949 मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपुरात उतरत. टपालाच्या थैल्या इकडच्या तिकडे होत, प्रवासीही बदलत, आणि उजाडायच्या आत ज्याचं तो घरी. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. शिवाय त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातल्या साध्या पत्रांनाही जादा पैसे न घेता विमानात बसवू लागले. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे आम्ही झीरो माइलचा दगड दाखवून पाहुण्यांना नेहमीच ऐकवतो. त्या मध्याचा कुणाला प्रत्यक्ष उपयोग झाला तो हा असा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, टपाल खात्यात होते. त्यांची रात्रपाळी सोनेगावला असे. डकोटाचं शेपूट जमिनीला टेकलेलं आणि नाक आभाळात. त्यामुळे आत शिरलं की चढण चढावी लागे. "गड चढल्यासारखं वाटतं, फक्त वर देऊळ नाही," असं ते म्हणत. चारातलं एक विमान उशिरा आलं की बाकीची तिघं खोळंबत. लग्नात एका व्याह्यासाठी पंगत अडावी तसं. सकाळी अण्णा घरी येत ते डोळे तांबारलेले, अंगाला तागाच्या थैल्यांचा वास. आई म्हणायची, "आधी न्हाणीत जा, मग चहा."

हे असं दोन दशकांहून जास्त चाललं. आणि त्याचा एक फोटो आमच्या घरात नाही. अण्णांची एक पत्र्याची विजेरी आहे, बस.

आता माझी खरी तक्रार ऐका. अशा या शहरानं जुनं विमान म्हणून जपलं काय? तर एक बोइंग 720. तेही जपलं म्हणवत नाही. 1991 मध्ये चार इंजिनांचं हे विमान नागपुरात उतरलं आणि मुक्कामालाच राहिलं. मालकाचं येणं बंद, पार्किंगचं भाडं थकलेलं. ऑशकॉशचा पाहुणा आठवड्यानं तंबू गुंडाळतो. आमचा पाहुणा तब्बल 24 वर्षं हलला नाही. दरम्यान विमानतळाला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, मिहान आलं, आणि हे आपलं पावसाळ्यात गवतात, उन्हाळ्यात धुळीत, जावयासारखं ठाण मांडून! अखेर 2015 मध्ये त्याला धावपट्टीपासून दूर ओढून नेलं.

वास्तविक 720 जातीची विमानं जगात बनली अवघी 154. दुसऱ्या एखाद्या गावानं त्याला रंग दिला असता, शिडी लावली असती, पोरांना आठ आण्यात कॉकपिट दाखवलं असतं. (आठ आणे गेले, हे ठाऊक आहे मला.) उपयोगी नसलेलं विमान आम्ही नाइलाजानं पाव शतक सांभाळलं, आणि ज्या डकोटांनी या गावाला रोज मध्यरात्री देशाचं टपालघर केलं, त्यांच्यातला एकही ठेवून घेतला नाही. जुनी विमानं सांभाळता येत नाहीत असं थोडंच आहे? 2018 मध्ये 'परशुराम' नावाचा डकोटा इंग्लंडहून स्वतःच्या पंखांनी उडत भारतात आला आणि हवाई दलात रुजू झाला. 1944 सालचा तो. आमच्या कॉलनीत त्या वयाचे लोक जिना चढत नाहीत.

हे सगळं मी भाच्याला तावातावानं सांगितलं. तो मुकाट ऐकत होता, हे नवल. ताईनं मधेच पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या, त्यावर तर्री. तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही, हे त्याहून नवल. मग आत जाऊन मी विजेरी आणली. त्यानं ती उलटसुलट केली, बटण सरकवून पाहिलं. सेल कधीच काढून टाकलेले.

"मग आजोबा झोपायचे कुठे?" त्यानं विचारलं. "पंखाखाली?"

"अरे, झोपायचे कुठले! ड्यूटी होती त्यांची," ताई म्हणाली. "पोहे गार होतायत."