वाकडी वाट, नेमका घुमट

इराणमध्ये इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकात पर्यटकाची नजर आधी दक्षिणेकडच्या शाही मशिदीवर जाते. निळा घुमट, उंच मिनार, सगळा राजेशाही थाट. पूर्वेची शेख लुत्फुल्ला मशीद त्यामानाने अबोल. तिला मिनार नाही, अंगणही नाही. शाह अब्बास पहिला याने १६०३ मध्ये ती बांधायला घेतली, १६१९ मध्ये पुरी झाली. समोरच त्याचा अली कापू राजवाडा. ही दरबाराची खासगी जागा; गावाला हाकच मारायची नाही, तर मिनार हवा कशाला?

चौकातून पाहताना एक गोष्ट खटकते. घुमट प्रवेशाच्या कमानीवर नेमका बसलेला नाही, उजवीकडे सरकला आहे. कारण चौकाची बाजू आणि मक्केची दिशा यांचा मेळ नाही. शाही मशिदीपुढेही हाच पेच होता. तिथे प्रवेशाच्या कमानीमागची अख्खी इमारतच उघडपणे तिरकी वळवली आहे. इथे वास्तुकार उस्ताद मुहम्मद रझा इस्फहानीने ते काम एका अंधाऱ्या बोळावर सोपवलं. बोळ दालनाला वळसा घालतो, बाहेरच्या उन्हाला सरावलेले डोळे तेवढ्यात निवतात, दिशाभान सुटतं, आणि माणूस थेट मेहराबीसमोर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोर, येऊन ठाकतो. मला विचाराल तर या मशिदीतली सर्वांत मोठी कलाकृती हा बोळच. त्यावर नक्षीही आहे, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष जातं!

आत चौरस दालनाचा आठ कमानींवरून गोल घुमट होतो. कमानींच्या कडांना पिळाच्या दोरासारखी फिरोजी किनार, गडद निळ्यावर पांढरी अक्षरं. सुलेखन अली रझा अब्बासीचं. वर लिंबाच्या आकाराची नक्षी शिखराकडे लहान लहान होत जाते. जाळीच्या खिडक्यांतून ऊन गाळून येतं. दारातून वर पाहिलं की शिखरावरच्या नक्षीला उन्हाची तिरीप शेपूट जोडते आणि मोर दिसतो. गाइड तो दाखवतातच. खरं तर मोराशिवायही छत पुरेसं आहे.

बाहेरून घुमट निळा नाही, सायीच्या रंगाचा आहे. त्याच्या विटा बिनझिलईच्या, वेलबुट्टी झिलईची. म्हणून ऊन फक्त वेलींवर चमकतं, आणि कलत्या उन्हात सायीवर गुलाबी छटा चढते. इस्फहानला गेलात तर शाही मशीद सकाळी उरकून घ्या. दुपार हिच्यासाठी राखा.