'टेक' आणि त्याचे निपात : एका अध्यापनपद्धतीची चिकित्सा

इंग्रजी भाषेच्या अभ्यासात परभाषिक विद्यार्थ्याची खरी कसोटी कठीण शब्दांपाशी लागत नाही. ती सोप्या शब्दांपाशी लागते. शास्त्रीय परिभाषेतील एखादा लांबलचक शब्द एकदा कोशात पाहिला की त्याचा अर्थ निश्चित होतो. परंतु 'टेक' आणि 'इन' हे दोन्ही शब्द ज्याला बालवयापासून ठाऊक आहेत, असा विद्यार्थीसुद्धा 'टेक इन' म्हणजे 'फसविणे' हे स्वतःच्या बळावर ताडू शकत नाही. ही अडचण नवी नव्हे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला जोडून येणाऱ्या निपातांमुळे परकीयांना सर्वांत अधिक अडचण पडते असे नमूद केले आहे, आणि त्यांच्या उदाहरणांत 'टेक ऑफ'चाही समावेश आहे. या रचनांना 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा रूढ केली ती लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली; ती त्यांना हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली होती. प्रस्तुत लेखात त्यांना 'निपातयुक्त क्रियापदे' असे म्हटले आहे.

ही क्रियापदे शिकविण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे, तिला सूचि-पद्धती म्हणता येईल. एक सामान्य क्रियापद घ्यावयाचे, त्याखाली त्याची निपातयुक्त रूपे एकाखाली एक मांडावयाची आणि प्रत्येकासमोर एका शब्दाचा पर्याय द्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. 'टेक ऑफ'समोर 'रिमूव्ह', 'टेक ओव्हर'समोर 'अझ्यूम कंट्रोल', 'टेक आफ्टर'समोर 'रिझेम्बल', याप्रमाणे. विद्यार्थी ही यादी पाठ करतो, परीक्षेत प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करून दाखवितो आणि पुढील वर्षी विसरतो. या पद्धतीमागे एक गृहीत आहे. निपातयुक्त क्रियापदांना कोणतीच आंतरिक व्यवस्था नाही, आणि क्रियापद समान असणे एवढाच त्यांच्यातील दुवा आहे, असे ते गृहीत होय. हे गृहीत तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

सूचि-पद्धतीवरील पहिला आक्षेप असा की, ती वर्गीकरणाचा अक्षच चुकीचा निवडते. 'टेक' हे क्रियापद अर्थाने जवळजवळ रिकामे आहे. त्याच्या जोडीने येणारा निपातच अर्थाचे वळण ठरवितो. याची साक्ष इंग्रजीचा उच्चारच देतो. कर्म सर्वनाम असेल तेव्हा 'टेक इट ऑफ' या वाक्यात मुख्य आघात 'ऑफ'वर पडतो, क्रियापदावर नव्हे. इंग्रज वक्ता ज्या शब्दावर भर देतो, तो शब्द आपली यादी शेपटासारखा मागे ठेवते. संख्येच्या दृष्टीनेही हा अक्ष महागाचा आहे. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या भाषासंग्रहाच्या आधारे दाखविले की, अवघी २० क्रियापदे आणि ८ निपात यांच्या जोड्यांनी या संग्रहातील निपातयुक्त क्रियापदांचे निम्म्याहून अधिक प्रयोग व्यापले जातात. त्या २० क्रियापदांत 'टेक' आहेच. क्रियापदे २० आणि निपात ८ असतील, तर अभ्यासाचा आरंभ कोणत्या बाजूने करावा हे सांगावयास नको.

दुसरा आक्षेप पर्यायशब्दांविषयी आहे. 'टेक ऑफ' म्हणजे 'रिमूव्ह' हे कोशाच्या दृष्टीने चूक नाही. पण भाषेच्या दृष्टीने ते अपुरे आहे. देवळाच्या पायरीवर 'पादत्राणे येथे काढावीत' अशी पाटी असते, आणि आई मुलाला 'चपला काढ रे' म्हणते. दोहोंचा अर्थ एकच. परंतु पाटीची भाषा घरात बोलणाऱ्याला आपण काय म्हणू? 'रिमूव्ह', 'रिझेम्बल', 'पोस्टपोन' हे लॅटिनोद्भव शब्द बहुधा पाटीच्या भाषेतील आहेत. सूचि-पद्धतीतून शिकलेला विद्यार्थी निपातयुक्त क्रियापद हे कोडे मानतो आणि पर्यायशब्द हे त्याचे उत्तर मानतो. साहजिकच लिहिताना व बोलताना तो नेहमी उत्तरच वापरतो. आपल्या पदव्युत्तर वर्गांत इंग्रजी समीक्षेचे जड गद्य बऱ्यापैकी समजणारा, पण आधुनिक इंग्रजी नाटकातील घरगुती संवादापाशी अडखळणारा विद्यार्थी वारंवार भेटतो, त्याचे एक कारण येथे आहे. त्याची बुद्धी कमी पडत नाही. भाषेचा एक संपूर्ण थर त्याला कधी दाखविलाच गेलेला नसतो.

तिसरा आक्षेप वाक्यरचनेचा आहे. 'टेक ऑन' आणि 'टेक टू' यादीत शेजारी बसतात, पण त्यांची जात भिन्न आहे. 'टेक ऑन'मधील निपात कर्माच्या मागे किंवा पुढे येऊ शकतो, आणि कर्म सर्वनाम असल्यास तो त्याच्यानंतरच यावा लागतो. म्हणून 'दे टूक हिम ऑन' असेच म्हणावे लागते. उलट 'टेक टू' म्हणजे एखाद्याविषयी आवड उत्पन्न होणे. येथे 'टू' हे शब्दयोगी अव्यय असून ते आपल्या नामाला सोडत नाही. 'शी टूक टू हिम' हे शुद्ध, 'शी टूक हिम टू' हे अशुद्ध. 'टेक आफ्टर'चीही हीच गत आहे. यादी हा भेद पुसून टाकते आणि मग विद्यार्थ्याच्या चुकांना 'निष्काळजीपणा' असे नाव दिले जाते.

'टेक'चा इतिहासही येथे उद्बोधक आहे. हा शब्द मूळ इंग्रजी नव्हे. जुन्या इंग्रजीत 'घेणे' या अर्थी 'निमन' हा धातू होता; जर्मन 'नेमेन' त्याचाच भाऊ. 'टेक' हा उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला आणि मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात त्याने 'निमन'ला पूर्णपणे हुसकावून लावले. जुन्या इंग्रजीत धातूच्या आधी जोडून येणारे उपसर्ग विपुल होते. ते पुढे क्षीण झाले आणि धातूनंतर येणाऱ्या सुट्या निपातांनी त्यांची जागा घेतली. 'ओव्हरटेक' आणि 'टेक ओव्हर' हे दोन शब्द या दोन रचनांचे नमुने म्हणून शेजारी ठेवता येतात. घटक तेच, पण क्रम बदलताच एकाचा अर्थ 'मागे टाकणे' आणि दुसऱ्याचा 'ताब्यात घेणे' असा होतो.

सूचि-पद्धतीला उत्तर म्हणून गेल्या काही दशकांत दुसरा एक पक्ष पुढे आला आहे. सुझन लिंडनर यांनी १९८१ साली 'आऊट' आणि 'अप' या निपातांवरील प्रबंधात असे प्रतिपादन केले की, निपाताचे अर्थ विस्कळीत नसून मूळच्या अवकाशवाचक अर्थापासून रूपकाच्या वाटेने पसरलेले असतात. ब्रिगिडा रुडझ्का-ऑस्टिन यांच्या २००३ च्या अभ्यासपुस्तकाने हे तत्त्व अध्यापनात आणले. या दृष्टीने 'टेक ऑन' पाहावे. 'ऑन' म्हणजे पृष्ठभागाशी संपर्क. जहाज प्रवासी वर घेते, कारखाना नवे कामगार घेतो, मनुष्य जबाबदारी घेतो, मल्ल प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेतो, चेहरा गंभीर भाव धारण करतो. यादीतील पाच असंबद्ध अर्थ येथे एका प्रतिमेखाली येतात : काहीतरी आपल्यावर येते आणि त्याचा भार आपण वाहतो. त्याचप्रमाणे 'ऑफ' म्हणजे संपर्क तुटणे. कोट अंगावरून सुटतो, विमान धावपट्टीवरून सुटते, किमतीतून दहा रुपये सुटतात.

हा वाद पश्चिमेला नवा वाटला तरी आपल्या व्याकरणपरंपरेला तो परिचित आहे. यास्कांच्या निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात उपसर्गांविषयी दोन मते दिली आहेत. शाकटायनांच्या मते उपसर्ग सुटे असता कोणताही अर्थ सांगत नाहीत. नाम-आख्यातांच्या अर्थातील विशेष ते केवळ प्रकट करतात. गार्ग्यांच्या मते त्यांना स्वतःचे नानाविध अर्थ आहेत. यास्क त्यानंतर एकेका उपसर्गाचा अर्थ सांगत जातात. 'आ' म्हणजे अलीकडे, 'प्र' आणि 'परा' त्याच्या उलट. सूचि-पद्धती ही नकळत शाकटायनांची बाजू घेते. नवा पक्ष गार्ग्यांची. साम्य येथेच संपत नाही. पाणिनीने उपसर्ग धातूच्या पूर्वी यावेत असा नियम केला (१.४.८०), आणि लगेच पुढील दोन सूत्रांत वेदात ते धातूनंतर व मध्ये अंतर ठेवूनही येतात असे सांगितले. म्हणजे वैदिक भाषेतील उपसर्ग इंग्रजी निपातांप्रमाणेच सुटा होता. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार हे शब्द सहज समजणाऱ्या विद्यार्थ्याला 'टेक'ची किमया अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ती परिचित आहे हे त्याला कोणी सांगत नाही, एवढेच.

तथापि नव्या पक्षाचे मत जसेच्या तसे स्वीकारणेही योग्य होणार नाही. त्याचे स्पष्टीकरण बहुधा पश्चात्-बुद्धीचे असते. 'टेक इन' म्हणजे 'फसविणे' हे आधी ठाऊक असल्यामुळे 'बळी जाळ्याच्या आत घेतला जातो' अशी प्रतिमा सुचते. परंतु त्याच प्रतिमेतून 'आश्रय देणे' हाही अर्थ निघतो, आणि तोही त्याच शब्दांना आहे. एकच प्रतिमा आश्रय आणि फसवणूक या दोन टोकांचे समर्थन करीत असेल, तर तिच्यावरून अर्थ ताडता येत नाही. ताडलेला अर्थ लक्षात ठेवता येतो, इतकेच. हे कार्य लहान नव्हे. पण स्मरणाचे साधन आणि आकलनाचे साधन यांत घोटाळा होता कामा नये. 'टेक ऑफ' म्हणजे एखाद्याची नक्कल करणे, याचा 'ऑफ'च्या मूळ अर्थाशी संबंध लावताना तर ओढाताणच करावी लागते.

या दोन टोकांमधून मार्ग काढावयाचा तर भर्तृहरीकडे जावे. वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात उपसर्गाची तीन कार्ये संभवतात असे म्हटले आहे : तो विशेष अर्थाचा वाचक असेल, धातूत सुप्त असलेल्या अर्थाचा द्योतक असेल, किंवा धातूचा सहकारी होऊन दोघे मिळून अर्थ सांगत असतील. ही त्रिविधता 'टेक'ला लावून पाहिली की अध्यापनाचा क्रम आपोआप सिद्ध होतो. 'टेक ऑफ युअर कोट' येथे निपात वाचक आहे; अर्थ सरळ जोडून मिळतो, पाठ करण्याची गरज नाही. 'टेक ऑन' व 'टेक ओव्हर' येथे तो द्योतक आहे. घेण्यातील भार किंवा हस्तांतर तो उजळवितो, आणि येथे प्रतिमेचे साहाय्य घ्यावे. 'टेक इन' म्हणजे फसविणे, 'टेक ऑफ' म्हणजे नक्कल करणे, येथे तो केवळ सहकारी आहे. अर्थ अखंड जोडीचा असतो आणि ती वाक्यासकटच शिकावी लागते. यादी या तिन्ही वर्गांना एकाच पातळीवर आणते, आणि विद्यार्थ्याचे श्रम जेथे नकोत तेथेही खर्च करविते.

मराठी विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक साधन आहे, व त्याची उपेक्षा अक्षम्य आहे. ते म्हणजे त्याचे स्वतःचे 'घेणे'. मराठीत आपण काम हाती घेतो, जबाबदारी अंगावर घेतो, एखादी गोष्ट मनावर घेतो, कारभार ताब्यात घेतो, शब्द मागे घेतो, नाठाळाला फैलावर घेतो. येथेही क्रियापद अर्थाने पातळ आहे आणि त्याच्या आधीचे स्थलवाचक पद अर्थाचे वळण ठरविते. 'टेक अप', 'टेक ऑन', 'टेक ओव्हर', 'टेक बॅक' यांना ही रूपे रचनेनेही जवळची आहेत. परंतु सारखेपणाबरोबर भेदही दाखवावयास हवा. जबानी 'टेक डाऊन' केली जाते, तेथे मराठी 'लिहून घेते'. 'टेक अवे'ला 'काढून घेणे' येते. इंग्रजी निपाताने दिशा सांगते. मराठी प्रत्यक्ष कृतीचा धातू पुढे ठेवून 'घेणे'ला साहाय्यक बनविते. लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ साली मांडलेल्या भेदाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, इंग्रजीत गतीचा मार्ग बहुधा क्रियापदाबाहेर राहतो. मराठीत शिरणे, निघणे, चढणे, उतरणे यांप्रमाणे तो क्रियापदातच असतो. त्यामुळे मराठी विद्यार्थी निपाताकडे दुर्लक्ष करून क्रियापदात अर्थ शोधतो, आणि 'टेक'मध्ये तो सापडत नाही.

मातृभाषेतील साम्य दाखविले की काम झाले, असेही नव्हे. डॅगट आणि लाउफर यांनी १९८५ साली हिब्रूभाषिक विद्यार्थी ही क्रियापदे टाळतात असे दाखविले व त्याचे कारण हिब्रूत अशी रचना नसण्यात शोधले. परंतु हुल्स्टाइन आणि मार्केना यांच्या १९८९ च्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या भाषेत अशी रचना आहे ते डच विद्यार्थीही काही लाक्षणिक प्रयोग टाळतात. ते आपल्या भाषेसारखे फारच वाटल्यामुळे त्यांना त्यांचा विश्वास वाटत नाही. साम्य हे केवळ उपलब्ध असून भागत नाही. ते वापरण्याची मुभा शिक्षकाने स्पष्टपणे द्यावी लागते. 'अंगावर घेणे' ठाऊक असलेला विद्यार्थी 'टेक ऑन' वापरताना आपण मराठीचे शब्दशः भाषांतर करीत आहोत की काय अशा शंकेने 'अंडरटेक' लिहितो, तेव्हा त्याची भाषा चुकत नाही. ती परकी मात्र होते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. वर्षे वाढली, परंतु वाढलेल्या वर्षांत जुनीच यादी अधिक लांब करून दिली, तर हाती काही लागणार नाही. निपातापासून आरंभ करणे, अर्थाच्या तीन पातळ्या वेगळ्या ठेवणे, एकशब्दी पर्यायाबरोबर तो कोठे शोभतो हे सांगणे, आणि मराठी 'घेणे'ची उघड तुलना करणे, या चार गोष्टींसाठी नवे यंत्र किंवा नवा निधी लागत नाही. लागतो तो आपल्याच भाषेविषयीचा विश्वास. ज्या परंपरेत उपसर्गाच्या अर्थाचा वाद निरुक्ताच्या काळीच मांडला गेला, त्या परंपरेतील विद्यार्थ्याला इंग्रजी निपातांपुढे हतबुद्ध होऊन यादी घोकावी लागावी, हे त्या विद्यार्थ्याचे नव्हे, आपल्या अध्यापनाचे अपयश होय.