अतिशय मोकळा माणूस

इंजिनिअरिंग केल्यामुळे रिव्ह्यू म्हटलं की मला कोडच आठवतो. पण गेली तीन वर्षं मी एक वेगळाच साहित्यप्रकार भरपूर वाचतोय: पाहुण्याने यजमानाबद्दल लिहिलेला चार ओळींचा रेफरन्स. परक्या शहरात अनोळखी माणसाच्या घरी फुकट राहायची सोय करून देणाऱ्या ज्या साइट आहेत, त्यांचा सगळा डोलारा या चार ओळींवर उभा असतो. त्या वाचूनच आपण ठरवतो, आज रात्री कुणाच्या घरी झोपायचं.

ही पद्धत इंटरनेटच्या कितीतरी आधीची. १९४९ साली बॉब लुइटवायलर या अमेरिकन तरुणाने डेन्मार्कमध्ये मित्रांसोबत 'सर्व्हास' सुरू केली. लोक एकमेकांच्या घरी राहिले तर युद्धं कमी होतील, ही त्यामागची आशा. तिथे प्रवासाला निघण्याआधी संस्थेचा कुणीतरी तुमच्याशी बोलतो आणि मग ओळखपत्र मिळतं. २००४ मध्ये काउचसर्फिंग आली आणि मुलाखतीच्या जागी प्रोफाइल आणि रेफरन्स आले. २०११ मध्ये तिची नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली, २०२० मध्ये ती सदस्यांकडून पैसे घेऊ लागली. नाराज झालेले बरेच जण बीवेलकम, ट्रस्टरूट्स अशा ना-नफा साइटकडे वळले. वाद झाले ते मुख्यतः मालकीवरून. मला जास्त खटकते ती रेफरन्सची भाषा, आणि ती सगळीकडे सारखीच आहे.

तिच्यात विशेषणं मोजून पाच-सहा. 'अप्रतिम', 'प्रेमळ', 'भन्नाट गप्पा', शेवटी 'पुन्हा नक्की भेटू'. वाईट लिहिलेलं शोधून सापडत नाही. लाडा अ‍ॅडॅमिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०च्या सुमारास काउचसर्फिंगच्या डेटावर संशोधन केलं होतं. नावानिशी, सगळ्यांसमोर मत द्यायचं असलं की लोक परतफेडीचा विचार करतात, असं त्यात दिसलं. तू मला चांगलं म्हण, मी तुला म्हणतो. पाहुणा इथे समीक्षकही असतो आणि त्याच वेळी मिंधाही. मिंध्या माणसाची समीक्षा किती खरी असणार?

हे मी वरून बघून सांगत नाहीये. नोकरीसाठी बर्लिनला आलो तेव्हा कंपनीने दिलेले हॉटेलचे दोन आठवडे संपले आणि भाड्याची खोली काही मिळेना. म्हणून अशाच एका साइटवर प्रोफाइल काढलं. एकटा भारतीय पुरुष, रेफरन्स शून्य. आमच्या धंद्यात याला कोल्ड स्टार्ट म्हणतात: आधीचा डेटा नाही म्हणून कुणी निवडत नाही, आणि कुणी निवडत नाही म्हणून डेटा तयार होत नाही. नकारांवर नकार आले. शेवटी पन्नाशीचा, एकटा राहणारा एक जण हो म्हणाला. त्याने जेवण केलं, शहर दाखवलं. पण दोन्ही रात्री तो पिऊन, दार न वाजवता मी झोपलो होतो त्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसून बराच वेळ बोलत राहिला. मला अवघडल्यासारखं झालं. पण घर त्याचं होतं. निघताना म्हणाला, "मी तुझ्याबद्दल छान लिहितो."

मी लिहिलं: 'अतिशय मोकळा माणूस, रात्री उशिरापर्यंत गप्पा.' त्या 'मोकळा'वर मी बराच वेळ घालवला होता. तो शब्द खोटा नव्हता. ज्याला समजायचं त्याला समजेल, असं मी मनाला सांगितलं.

आपल्याकडे स्थळाची चौकशी करायला कुणी आलं की शेजारीपाजारी थेट वाईट बोलत नाहीत. "माणसं तशी बरी आहेत," म्हणतात. त्या 'तशी'चा सूर ऐकूनच माझी आजी घरी येऊन सांगायची, तिथे नको. त्या चौकशीत जातही तपासली जायची, तेव्हा तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण 'तशी'चा सूर कानाला कळायचा. स्क्रीनवर 'मोकळा' म्हणजे फक्त मोकळा.

दोन-तीन महिन्यांनी सदस्यांच्या एका भेटीत पुण्याहून शिकायला आलेली एक मुलगी भेटली. त्याच माणसाकडे ती उतरली होती आणि रात्री साडेअकराला बॅग उचलून बाहेर पडली होती. पहाटेपर्यंत ती मुख्य रेल्वे स्टेशनवर बसून होती. "एका मराठी मुलाने चांगलं लिहिलं होतं, म्हणून गेले," ती म्हणाली.

"तो मीच," मी म्हणालो.

"तुला काही जाणवलं नव्हतं?"

"जाणवलं होतं."

ती पुढे काही बोलली नाही. नंतर आम्ही भेटलोही नाही.

त्या रात्री मी साइटला सगळं सविस्तर कळवलं. जुना रेफरन्स मात्र मला बदलता येत नव्हता. दोघांचं लिहून होईपर्यंत मजकूर झाकून ठेवणं, साइटकडे गुपचूप मत देता येणं, असे उपाय आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण 'मोकळा' हा शब्द मला कुठल्या सॉफ्टवेअरने सुचवला नव्हता. मला पुढचं दार उघडून हवं होतं, म्हणून तो मी निवडला होता.

आता मी विशेषणं टाळतो. स्वतंत्र खोली आहे का, आतून कडी लागते का, यजमान रात्री कसा वागला, एवढंच लिहितो. वाचायला नीरस वाटतं. पण यजमानाला दुखावायचं नाही म्हणून पुढच्या पाहुण्याला अंधारात ठेवणं, याला मी आता सौजन्य म्हणत नाही.

त्या माणसाने माझ्याबद्दल लिहिलेला रेफरन्स अजून माझ्या प्रोफाइलवर आहे: 'शांत मुलगा. काहीच तक्रार नाही.' पुढची सगळी दारं मला त्या ओळीमुळे उघडली.