चित्र वाचू द्या

परिचयातील एका कुटुंबातील चार वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक घ्यावे म्हणून आम्ही कणकवलीच्या बाजारपेठेत गेलो होतो. रंगीत पुस्तकांची तेथे उणीव नव्हती. मात्र बहुतेकांची मांडणी एकच : एका पानावर एक वस्तू आणि खाली तिचे नाव. फणसाच्या मुलखातील मुलांपुढे पहिल्या पानावर सफरचंद! अखेर बोधकथांचे एक सचित्र पुस्तक घेऊन आम्ही परतलो. संध्याकाळी वाचावयास बसलो, तोच तिसऱ्या पानावर तिने आमचा हात धरला. ‘‘ह्या कोल्ह्याचा घर खंय आसा?’’ चित्रात घर नव्हते, रानही नव्हते. कोल्हा कोऱ्या कागदावर उभा होता. ‘‘पुढे ऐक,’’ असे म्हणून आम्ही पान उलटले.

चूक चित्रकाराची होती, तशीच आमचीही. ती मुलगी चित्र वाचत होती. आम्ही केवळ अक्षरे वाचत होतो.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांत भेद आहे. पहिल्यात शब्दांनी सांगितलेलेच चित्र पुन्हा सांगते. दुसऱ्यात शब्द जेथे थांबतात तेथून चित्र बोलू लागते. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी जे चित्रमय पाठ्यपुस्तक काढले, त्यातही केवळ सुट्या वस्तू नव्हत्या. एकेका विषयाचे चित्र होते आणि त्यातील वस्तूंना क्रमांक दिलेले होते. अमेरिकन चित्रकार एरिक कार्ल याने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकात तर सुरवंटाने खाल्लेल्या फळांना खरोखरीच भोके आहेत. मूल आधी त्यांत बोट घालते, मग शब्द ऐकते.

हे शहाणपण आपणांस परके मानण्याचे कारण नाही. कणकवलीहून महामार्गाने दक्षिणेस निघाले की कुडाळजवळ पिंगुळी लागते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जोपासली आहे. सुट्या कागदांवरील चित्रांचा संच म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान सांगतो. श्रोता चित्र पाहत असतो, म्हणूनच त्याला कथा दिसते. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जिल्ह्याला आनंद झाला. परंतु त्या कलेतील मर्म आपल्या घरातील बालवाचनापर्यंत आले काय?

आज मराठीत निवड करावयाची तर आम्ही प्रथम माधुरी पुरंदरे यांच्याकडे बोट दाखवू. लेखन आणि चित्र दोन्ही एकाच हातचे असल्याने त्यांच्या पुस्तकांत एकाने दुसऱ्याची री ओढलेली नसते. ‘राधाचं घर’मधील घरातली माणसे ‘आदर्श’ नाहीत. म्हणूनच ती खरी वाटतात. ‘यश’च्या गोष्टींत लहान मुलाच्या रोजच्या जगण्यालाच कथेचा मान मिळाला आहे. ‘चित्रवाचन’ या पुस्तकाचे तर नावच आमच्या म्हणण्याचे सार आहे. २०१४ साली साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार देऊन या लेखिकेचा गौरव केला, तो यथोचित होय. खर्चाचा प्रश्न असेल तेथे नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आणि प्रथम बुक्सची पुस्तके पाहावीत.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. राधाचे घर शहरातले आहे. त्याबद्दल लेखिकेस दोष नाही; जे जवळून पाहिले तेच तिने प्रामाणिकपणे काढले. परंतु मांगराच्या सावलीत खेळणारे, रापणीची दोरी ओढणाऱ्या आजोबांमागे धावणारे, गणपतीच्या माटवीकडे आणि सणाच्या दिवशी चर्चच्या अंगणाकडे सारख्याच कुतूहलाने पाहणारे मूल मराठी चित्रपुस्तकात आम्हांस अद्याप भेटलेले नाही. ज्या मुलाला पुस्तकात आपले घर कधीच दिसत नाही, ते हळूहळू असे समजू लागते की पुस्तके इतरांसाठी असतात. ही हानी परीक्षेच्या गुणांत मोजता येत नाही.

म्हणून पालकांस आमचे सांगणे थोडके आहे. पुस्तक विकत घेण्यापूर्वी अक्षरांवर हात ठेवून पाहावे. चित्र एकटे काही सांगते काय? सांगत असेल तर ते घरी आणावे. आणि मूल एकाच पानावर रेंगाळले तर घाई करू नये. बोध काय घ्यायचा, हे तर मुळीच विचारू नये.

त्या मुलीच्या घरी आम्ही पुढे पुन्हा गेलो. पुस्तक खराब केले म्हणून तिला बोलणी बसली होती. आम्ही ते उघडून पाहिले. तिसऱ्या पानावर, कोल्ह्याच्या मागील कोऱ्या जागेत, पेन्सिलीने काढलेले एक कौलारू घर होते. दाराशी माड होता. त्या संपूर्ण पुस्तकातील कथेला पुढे नेणारे चित्र तेवढे एकच होते.