बदलता नाद आणि चाहत्यांची तक्रार : ‘इंडियन ओशन’चे उदाहरण

एखाद्या बँडचा नाद बदलला की चाहत्यांत दोन तट पडतात. काहींना ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ असे वाटते, तर काहींना नवेपण आवडते. दोन्ही मते आवडनिवड सांगतात. समीक्षेला मात्र नेमके काय बदलले आणि त्याने काय साधले, हे सांगावे लागते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’च्या आधारे हे पाहू.

१. काय बदलले?

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये हा बँड सुरू केला. पुढे बेस गिटारवर राहुल राम आणि ड्रमवर अमित किलम आले. २००० च्या ‘कंदिसा’ या अल्बममुळे ही चौकडी देशभर पोचली. असीम तबला वाजवता वाजवता गात. शब्दाचा आघात आणि तबल्याचा ठेका एकाच माणसाकडून येई. सुस्मित यांची गिटार रागाच्या अंगाने, सावकाश उलगडे. डिसेंबर २००९ मध्ये असीम यांचे निधन झाले आणि २०१३ मध्ये सुस्मित बाहेर पडले. असीम यांचे काम दोघांत वाटले गेले : गायनासाठी हिमांशू जोशी, तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती. सुस्मित यांच्या जागी निखिल राव यांची इलेक्ट्रिक गिटार आली.

२. तक्रार कितपत खरी?

जुन्या चाहत्यांची हळहळ निव्वळ स्मरणरंजन नाही. गाणारा आणि ठेका धरणारा वेगळा झाला की त्यांच्यातला ताणही बदलतो. असीम यांच्या आवाजातला खडबडीतपणा हिमांशू यांच्या शास्त्रीय वळणाच्या गळ्यात नाही. पण त्या गळ्याची आलापातली मोकळीक पूर्वी नव्हती. तेव्हा ‘काय गेले’ इतकेच मोजणारा चाहता अर्धाच हिशेब मांडतो.

३. ‘मूळ’ कोणते?

जबलपूरच्या विद्यार्थ्यांनी ‘कंदिसा’मधले ‘मा रेवा’ मुद्दाम ऐकावे. रेवा म्हणजे तुमच्या ग्वारीघाटावरून वाहणारी नर्मदा. हे पारंपरिक गाणे राहुल राम यांना नर्मदा बचाव आंदोलनात काम करताना भेटले. धरणाने गावे बुडणे म्हणजे काय, हे जबलपूरजवळच्या बरगीच्या परिसराला सांगावे लागत नाही. नदीकाठी गायले जाणारे हे गाणे गिटार-ड्रमसह मंचावर गेले, तेव्हाच त्याचा नाद बदलला होता. म्हणजे आज चाहते ज्याला ‘मूळ’ म्हणून जपतात, तेही एक रूपांतरच आहे.

म्हणून जुन्याशी साम्य ही बदलाची कसोटी नव्हे. नव्या नादात नदी आणि तिच्या काठची माणसे ऐकू येतात का, हे विचारा. येत असतील तर बदल सार्थ. नुसते वादनकौशल्यच ऐकू येत असेल, तर चाहत्यांची तक्रार रास्त.

स्वाध्याय : ‘मा रेवा’चे ध्वनिमुद्रण आणि बँडचा अलीकडचा प्रयोग ऐका. आवाज, ठेका व गिटार यांतील एकेक फरक नोंदवा. ‘आवडले’ किंवा ‘नावडले’ हे शब्द न वापरता दहा ओळी लिहा.