तीन रूपांचे एक खेळणे

विज्ञानाशी नाते सांगणारी खेळणी बाजारात पुष्कळ असतात. त्यांतली काही खरोखर काही शिकवतात, तर काहींच्या फक्त खोक्यावर अवकाशाचे चित्र असते. रूप बदलणारे यंत्रमानव यांपैकी कोणत्या गटात बसतात? उत्तरासाठी त्यांतलेच एक जुने, गाजलेले खेळणे तपासून पाहू.

या खेळण्याचे नाव ॲस्ट्रोट्रेन. जपानच्या ताकारा कंपनीचे हे खेळणे अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९८५ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या मालिकेत विकायला आणले. त्याचे भाग हाताने वळवले की वाफेचे रेल्वे इंजिन तयार होते. वेगळ्या तऱ्हेने वळवले की स्पेस शटल. आणि उभे केले की दोन पायांचा यंत्रमानव.

आधी गुण पाहू. पहिला गुण निवडीचा. वाफेचे इंजिन आणि शटल यांचा वरवर काहीच संबंध दिसत नाही. पण इंजिनाचा बॉयलर म्हणजे लांब नळकांडे, आणि शटलचे धडही लांबट व पुढे निमुळते. हे साम्य रचनाकाराने अचूक हेरले आहे.

दुसरा गुण यंत्ररचनेचा. दाराची बिजागरी दाराला एकाच अक्षाभोवती फिरू देते. असे साधे जोड एकापुढे एक जोडले की गुंतागुंतीची हालचाल मिळते. शिवाय क्रम पाळावा लागतो: एक भाग आधी बाजूला केल्याखेरीज दुसरा वळत नाही. हे मूल हातांनी शिकते, पुस्तकातून नाही.

तिसरा गुण शिक्षकांच्या विशेष उपयोगाचा. हातातली सुटी बंदूक बाजूला ठेवली, तर रूप बदलताना काही काढावे लागत नाही की घालावे लागत नाही. तराजूत तिन्ही रूपांचे वजन सारखेच भरणार. बदलते ते गुरुत्वमध्याचे स्थान. आडवे इंजिन धक्क्याला दाद देत नाही. उभा यंत्रमानव मात्र लहान पावलांवर असल्याने सहज कलंडतो.

आता दोष. अशा खेळण्यांचे जोड बहुधा घर्षणावर टिकतात. वारंवार फिरवून प्लास्टिक झिजते, जोड ढिला पडतो आणि हात लोंबू लागतो. पण हा झाला मालाचा दोष. विज्ञानाच्या दृष्टीने त्याहून मोठे दोष दोन आहेत.

पहिला दोष मोजमापाचा. या मालिकेच्या कार्टूनमध्ये ॲस्ट्रोट्रेन शटल झाला की इतका मोठा होतो, की त्याचे सोबती त्याच्या पोटात बसून प्रवास करतात. समजा, १२ मीटरचा यंत्रमानव ३६ मीटरचा झाला. लांबी, रुंदी, उंची तिप्पट, म्हणजे आकारमान २७ पट. वस्तुमान तेवढेच राहिले तर घनता सत्ताविसाव्या हिश्श्यावर येईल. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम; ती ०.३ च्याही खाली उतरेल. असे ‘पोलाद’ पाण्यावर सहज तरंगेल! हातातले खेळणे जो नियम पाळते, तोच त्याची गोष्ट मोडते.

दुसरा दोष लपवण्याचा. खेळण्यातले शटल एकटेच असते. खरे शटल उडताना त्याला इंधनाची प्रचंड टाकी आणि दोन घनइंधन रॉकेटे जोडलेली असत. उड्डाणाच्या वेळचे एकूण वस्तुमान सुमारे २००० टन, आणि त्यात इंधनच १७०० टनांच्या आसपास. अवकाशात जाण्याची खरी किंमत खेळण्यातून गायब आहे.

गंमत अशी, की खरे शटलही ‘तीन रूपांचे’च होते. रॉकेट म्हणून चढायचे, यान म्हणून पृथ्वीभोवती फिरायचे आणि इंजिन बंद ठेवून ग्लायडरसारखे धावपट्टीवर उतरायचे. १९८१ ते २०११ या काळात त्याची १३५ उड्डाणे झाली. पण पंख उपयोगी पडत ते परतीच्या वाटेवर. चढताना व कक्षेत ते केवळ ओझे. तरीही त्यांना जपणे भागच होते. जानेवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ चढत असताना टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना त्या भगदाडातून तप्त वायू पंखात शिरले, यान तुटले आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. एकाच देहाकडून अनेक कामे करून घेतली, की प्रत्येक कामाच्या वेळी इतर कामांचे अवयव सांभाळावे लागतात.

म्हणून अभियंते रूप बदलायला सांगतात तेही मोजून. २५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा रॉकेटच्या टोपात मावेना, म्हणून घडी घालून नेला. अवकाशात ती घडी एकदाच उलगडली. पुन्हा मिटण्याची सोय ठेवली नाही, कारण तिची गरज नव्हती.

तेव्हा असे खेळणे वर्गात जरूर आणावे. तिन्ही रूपांचे वजन करावे, बिजागऱ्या मोजाव्यात. मग फळ्यावर तक्ता आखून मुलांना विचारावे: कोणत्या रूपात कोणता भाग कामाचा आणि कोणता नुसते ओझे? इंजिनाला पंखांचा उपयोग काय? उभ्या यंत्रमानवाला रुळांवरच्या चाकांचा उपयोग काय? खेळणे करणाऱ्याने हा हिशेब खोक्यावर छापलेला नाही. तो मुलांकडून मांडून घेतला, तर ॲस्ट्रोट्रेनचे दोषही त्याच्या गुणांइतकेच कामाला येतील.